बांधाआड अडलेलं माहेर

“बुडली गं जुनाकी, आणखी एक पायरी बुडली!”

पूर ओसरला की म्हातारी सोनपाही माझ्या तळाशी वाकून बघायची आणि सुनेला अशी आनंदाने हाक मारायची. तो आवाज आता नाही. पण मी अजून ऐकते.

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. एकाच ओंडक्यात खाचा पाडलेली, ब्रह्मपुत्रेकाठच्या मिसिंग जमातीच्या वस्तीत, खांबांवरच्या घराला टेकवलेली. माझी पायरी गाळात बुडाली म्हणजे शेतातही तेवढीच नवी माती आली, यंदा मोहरी माजणार!

त्या गाळाला मी जन्मापासून ओळखते. वर, डोंगर चिरून नदी जिथून उतरते, त्या घळीत मी झाड होते. तिथे डोंगर जमिनीतून सतत वर उचलला जातो आणि नदी त्याचा पायथा सतत कापते. पायथाच गेला तर उतार टिकणार कशावर? एका पावसाळ्यात माझा सगळा उतार सुटला. दगड आपटत, फुटत गेले. त्यांची खडी झाली, वाळू झाली, गाळ झाला. पुरात वाहत आलेल्या मला सोनपाहीच्या मुलाने, बोगारामने, होडीतून दोर टाकून ओढून घेतले.

माझ्यामागून दरवर्षी माझा डोंगर येत राहिला. तीच अभ्रकाची चमक, तोच ओला वास. माहेरची माणसे यावीत, तशी माती येऊन पायाशी बसायची. सोनपाही गायची,

डोंगर कांडला नदीच्या उखळी,
कणी माझ्या दारी, भरली गं ओंजळी.

मग पूर अडवायला नदीकाठी सरकारी बांध आला. इथून पुढचे सांगताना माझ्या खाचाखाचांत राग भरतो.

“हा चिखल आता विसरा,” बांध घालणारे साहेब म्हणाले. चिखल! माझ्या माहेराला चिखल!

बोगाराम हुरळला. चढउतार कमी व्हावा म्हणून त्याने घराची जमीन खाली आणली आणि करवत घेऊन माझा तळ कापायला बसला.

“अरे, डोंगर काय तुझ्या बांधाला विचारून पडणार आहे?” सोनपाही कडाडली.

“आई, तू आपली तांदळाची आपोंग पी आणि गप्प बस!” तो हसला.

जुनाकीने मला धरून ठेवले होते. ओठ घट्ट मिटलेले. माझ्या तुकड्यांवर त्या दिवशी मासे भाजले.

सोनपाही गेली. नव्या मातीवाचून शेते फिकी पडली, मोहरी गुडघ्याएवढीही वाढेना. तिकडे डोंगर पडतच होता. पसरायला जागा नसलेला गाळ नदीच्याच पोटात साठला, पात्र वर आले आणि एका दुपारी बांध फुटला. पाणी थेट घरात शिरले. जुनाकीचा हातमाग गेला, डुकरे गेली. शेतावर आली ती माती नव्हती, भरड, मेलेली वाळू होती. आणि लोक शिव्या देत होते नदीला! तिला कोंडले कोणी?

मित्रांनो, मातीला घाण म्हणण्याआधी ती किती लांबून, किती फुटून आली, एवढे तरी विचारा.

परवा साहेब पुन्हा आले. माझ्यावर चिखलाचा बूट टेकवून म्हणाले, “बांध दुप्पट उंच करू. कबूल असेल त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. बोगारामचाही. यंदाही मोहरी आली नाही, तर त्यांना वस्ती सोडावी लागणार होती.

“अहो, हात खाली घ्या,” जुनाकी म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“शिडी कापताना मला कळत होतं. तरी मी ती धरून ठेवली आणि गप्प बसले.” ती साहेबांकडे वळली. “साहेब, पाय काढा आधी. उंची नको आम्हाला. बांधाला दारं ठेवा.”

“वहिनी, पूर हवाय तुम्हाला?” साहेब हसले.

“हो, हवाय. पाणी येतं नि जातं. माती राहते. ती आमची आहे, आमच्या दारात येऊ द्या.”

बोगारामचा हात हळूहळू खाली आला.