कारंजं अन् कळमनुरीचे पाहुणे

हिंगोली जिल्हा झाला अन् आमच्या घरातला माणूस बिघडला. त्याआधी हे चांगले होते. ऑफिसातून यायचे, बनियनवर अंगणात बसायचे, मोरीच्या सांडपाण्यावर म्या लावलेला गवती चहा उकळून मागायचे. जिल्हा झाल्यावर म्हणायला लागले, "रुक्मा, आता आपण जिल्ह्याच्या ठिकाणी राहतो. अंगण म्हणू नको, गार्डन म्हण."

मग नांदेडच्या कुण्या हॉटेलात लग्नाला गेले अन् तिथं कारंजं बघून आले. शिरलं डोक्यात खूळ. माझा पुदिना, ओवा, गवती चहा, सगळा उपटून काढला. तिथं निळ्या फरशीचा गोल हौद बांधला, मधी सिमेंटचा बगळा, बगळ्याच्या चोचीतून पाणी, पाण्याखाली लाल-हिरवे दिवे. हौदाच्या चहूकडून म्हणे 'हर्बल' वाफे. म्या म्हणलं, "मग उपटलं ते काय होतं?" तर ते गावठी. ह्यांनी पुण्याहून रोजमेरी का फिजमेरी मागवली अन् एकेका रोपापुढं पत्र्याची पाटी ठोकली. उन्हाळा लागला तशी रोपं जळून गेली, पाट्या ऱ्हायल्या. हे रोज सकाळी पाट्यांना पाणी घालायचे.

बगळ्याची तर वेगळीच तऱ्हा. नळाला कधी पाणी यायचं न्हाई, लाईट दिवसभर गायब, बगळा आपला चोच वासून उभा. तरी हौदाला कुणी बोट लावायचं न्हाई. शेजारच्या पारुबाईनं एकदा त्यात नातवाचं तोंड धुतलं तर हे केवढे भडकले. "शिवशंकरभाऊ, पाणी हाय का अत्तर?" एवढंच ती बोलली, अन् त्यानंतर आमच्या दारी आली न्हाई. इतक्या वर्षांची शेजारीण घालवली त्या बगळ्यापायी. माझा लई जीव जळायचा.

अशात आमच्या पोरीला, पुनमला, कळमनुरीकडचं स्थळ आलं. पोरगा भारत, शाळेत मास्तर. माझ्या बहिणीकडच्या लग्नात दोघांनी एकमेकाला बघितलं होतं. ही प्रत्येक स्थळाला नाक मुरडायची, ती ह्या खेपेला गप्पच बसली. आईला काय कळत न्हाई का? पण पोराला बाप न्हाई. मामानं, उकंडरावानं, मेंढरं राखून त्याला शिकवलं. त्या घरात मामा म्हणंल ती पूर्व दिशा.

म्या ह्यांना आधीच बजावलं, "साधी माणसं हायेत, साधं बोला." हे म्हणले, "कारंजं बघू दे त्यांना. आपलं स्टँडर्ड कळंल." टँकर बोलावून हौद काठोकाठ भरून घेतला. पाय धुवायला म्या दारात बादली-तांब्या ठेवला, तर तो उचलून मागं नेला. बंगल्यापुढं बादली शोभत न्हाई म्हणे, पाहुण्यांनी आत बेसिनवर जायचं.

दुपारी जीप आली. पुढून उकंडराव उतरले, धोतर अन् पटका, मागून भारत अन् घरची मंडळी. लाईट नव्हती. बटण ह्यांनी सकाळपासून चालूच ठेवलं होतं, पण बगळा गप. मामांनी इकडंतिकडं बघितलं. पाय धुतल्याबिगर पाहुणा उंबरा वलांडत न्हाई, अन् दारात हौद भरलेला. त्यांनी वहाणा काढल्या, धोतर वर धरलं अन् सरळ हौदात उतरले. पाय चोळून चोळून धुतले. खळखळून चूळ भरली. मग बाकीची मंडळी वळीनं. रस्त्याची धूळ, तंबाखू, सगळं त्या निळ्या पाण्यात.

"लई सोय केली हो पाहुण्यांची," मामा हौदातूनच म्हणले. "निस्ते पाय धुवायला एवढा हौद आमच्याकडं कुणाच्याच दारी न्हाई."

हे तरातरा हौदाकडं निघाले. मुलीचा बाप, बोलतो काय. म्या मागून ह्यांचा सदरा गच्च धरून ठेवला.

अन् तेवढ्यात मुडदी लाईट आली. बगळ्यानं सगळं पाणी मामाच्या पटक्यावर ओकलं अन् पायाखाली लाल-हिरवे दिवे पेटले. मामा टुणकन बाहेर. मिशातून पाणी गळून राहिलेलं. त्यांनी दिव्यांकडं बघितलं, बगळ्याकडं बघितलं, मग ह्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, अन् सगळं उमगलं त्यांना.

"चुकलं आमचं, साहेब," ते हळू म्हणले. "ही शोभेची वस्तू व्हय. आमी मेंढरामागची माणसं, आमाला काय कळतंय. तुमचं आमचं जमायचं न्हाई. चल भारत."

ते वहाणा घालायला लागले. भारत खाली मान घालून उभा. खिडकीत पुनमचा चेहरा पांढराफटक पडलेला. म्या ह्यांचा सदरा सोडून दिला, आता धरून तरी काय करायचं होतं.

हे हौदाकडं बघत होते. मग एकाएकी खाली वाकले. बूट काढले, मोजे काढले, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत वळली अन् बगळ्याच्या धारेखाली जाऊन उभे ऱ्हायले.

"काहून निघालात उकंडराव?" चष्म्यावरून पाणी वाहत होतं. "पाय धुवायलाच बांधलाय हा. आमी रोज धुतो."

इतकं चांगलं खोटं हा माणूस उभ्या जन्मात बोलला नव्हता. मला रडूच आलं.

हे एक पाय हौदाच्या काठावर टेकवून चोळायला लागले. मामा थांबले. त्यांची नजर ह्यांच्या टाचेवर गेली. ह्या एवढाल्या भेगा, काट्यांचे जुने वण, अंगठ्याचं नख कधीचं गेलेलं.

"साहेब, मेंढरं राखलीत व्हय तुमी?"

हे चारचौघात कधी सांगायचे न्हाईत. म्या खाली बघितलं.

"राखली," हे म्हणले. "सेनगावकडं. बापाची."

उकंडरावांनी वहाणा परत काढल्या, हौदाच्या काठावर बसले अन् पाय पाण्यात सोडले.

"मग बोलवा पोरीला."