भामाबाईच्या रांजणावरचं वगराळं

मित्रांनो, पुस्तकात मला ओगराळे म्हणतात, पण सोयगावकडच्या घरांत मी वगराळं. पितळेची खोल वाटी आणि हातभर उभा दांडा, एवढंच माझं अंग. खोल भांड्यातलं वर काढून द्यावं, हाच माझा जन्माचा धंदा.

उमेदीची वर्षं मी शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका खानावळीत वरण वाढण्यात घालवली. गिऱ्हाईक "वगराळं भरून वाढा" म्हणालं, की मला कोण अभिमान वाटायचा! पुढं स्टीलच्या पळ्या आल्या आणि माझी रवानगी भंगारवाल्याच्या पोत्यात झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

तिथून मला सोयगावकडच्याच एका खेड्यातल्या मेघानं उचललं. तिच्या गावची विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते. मग टँकरचं पाणी रांजणात भरायचं, तुरटी फिरवायची, औषधाचे थेंब टाकायचे. एवढं करूनही तिच्या लहानग्या सम्यकला सारखे जुलाब होत. नर्सबाई म्हणाल्या होत्या, "पाणी चांगलंय, पण त्यात सगळ्यांचे हात बुडतात. लांब दांड्याचं काहीतरी आणा."

मेघानं मला रांजणावर ठेवलं आणि तिची सासू भामाबाई कडाडली.

"ह्ये माझ्या घरात नगं! पोरपणी विहिरीवर मोठ्या घरची माणसं आमाला असंच वरून पाणी वाढायचे, शिवाशिव नको म्हणून. आमी खाली बसून ओंजळ धरायची. धम्म घेतला तवाच ठरवलं, या घरात ज्यानं त्यानं आपल्या हातानं पाणी घ्यायचं."

"आत्याबाई, पोरासाठी आणलंय," मेघा हळूच म्हणाली.

पण मी अंगणात जाऊन पडले. मित्रांनो, मला राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं. तिच्या लहानपणीची ती तहान मी कशी भागवणार होते?

त्याच आठवड्यात सम्यक पुन्हा आजारी पडला. डोळे खोल गेले, रडायचीही ताकद उरली नाही. सोयगावच्या दवाखान्यात सलाईन चढलं, तेव्हा कुठं पोर शुद्धीवर आलं. त्याला घरी आणताच भामाबाईनं मला धुळीतून उचललं, चिंचेनं घासलं आणि रांजणाशेजारच्या खुंटीला अडकवलं.

"मेघे, वगराळं राहू दे. पण माझी रीत बी राहील. कुणी कुणाला वाढायचं नाय. ज्यानं त्यानं दांडा धरायचा."

सम्यक बरा झाला, अंगणात हुंदडू लागला. अशातच एका दुपारी मोठ्या जमीनदार घरातली भागूबाई शेतातून घामाघूम होऊन आली.

"लई तहान लागली गं, भामाबाई. घोटभर पाणी वाढ," म्हणत ती पायरीवर टेकली आणि तिनं ओंजळ पुढं केली.

भामाबाई त्या ओंजळीकडं बघतच राहिली. मला वाटलं, आज ही वरून धार धरणार. भामाबाईनं मला खुंटीवरून काढलं, रांजणाचं झाकण सरकवलं. भागूबाईच्या एका हातात तिनं फुलपात्र दिलं आणि दुसऱ्या हातात माझा दांडा.

"खाली नगा बसू, भागूबाई. उठा. आपल्या हातानं घ्या."

मित्रांनो, पाणी झाकून ठेवा, त्यात बोटं बुडवू नका. आणि दारी कुणी तहानलेलं आलं, तर त्याला ओंजळ धरायला लावू नका. दांडा त्याच्या हाती द्या.