खरकटा हात

कौसल्याने उजवा हात नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. वरण आंबलं होतं. छापलेल्या बोटांवर बारीक रेघांचे थर असतात, त्यांत कालचं पिवळं खरकटं वाळून बसलं होतं. फडक्याने कितीही पुसलं तरी निघेना.

खरा हात बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत गेला. हा प्लास्टिकचा, धंतोलीतल्या दवाखान्यात यंत्रावर छापून घेतलेला. बोटांनी काही धरलं की हात जिथे तुटला होता तिथल्या कातडीवर तसाच दाब पडायचा. रितिका नावाच्या इंजिनीअर पोरीने कापूस, शेंगदाणे, कणीक पुढे ठेवून तिला तो ओळखायला शिकवलं होतं. कणकेचा गोळा कळला त्या दिवशी कौसल्या रडली. हाताला पाणी मात्र लावायचं नाही, असं निघताना बजावलं. ज्या हाताने जेवायचं तो धुवायचा नाही! पोरगी स्वतः डबा चमच्याने खायची, तिला काय सुचणार.

हा हात मिळेपर्यंतची वर्षं कौसल्या डाव्या हाताने जेवली. डावा हात कशासाठी असतो ते सगळ्यांनाच ठाऊक. मोठी जाऊ इंदुताई तिच्या पंगतीला बसेना. कौसल्याने वाढलेली पोळी मुकाट्याने बाजूला सारायची. राग यायचा, पण खरं तर कौसल्याला स्वतःचीच किळस यायची. उजव्या हाताने वाढावं आणि इंदुताईने ते खावं, एवढ्यासाठीच तिने हा हात लावून घेतला होता.

आणि आता हे. वाळलेलं वरण बोटांना रुतत होतं आणि हाताला वाटत होतं, आपण काही धरलंय. सकाळपासून कातडीवर अळी बसल्यासारखं होत होतं.

"कायचा वास येऊन राहिला वं?" इंदुताई दारातून म्हणाली.

"हाताचा."

इंदुताई जवळ येऊन वाकली आणि तिने नाकाला पदर लावला.

"शी! हात हाय का मोरी? अन् या हातानं मले वाढणार होती तू?"

हात काढून ठेवायला कौसल्याने पट्टा सोडायला घेतला.

"थांब."

इंदुताई समई घासायचा जुना ब्रश घेऊन आली. समोर बसली, मान वळवून तिने ती बोटं मुठीत धरली आणि एकेका पेरावर कोरडा ब्रश फिरवू लागली. तोंडाने शी, शी चाललंच होतं. अपघातानंतर तिने कौसल्याला एकदाही हात लावला नव्हता.

अळी गेली. तिच्या जागी इंदुताईच्या अंगठ्याचा दाब आला, जाड, गच्च. कौसल्या श्वास धरून बसली.

"लोक म्हणतात याले सारं समजते," इंदुताईचा ब्रश थांबला. "मी धरलं ते समजून राहिलं का तुले?"

हो म्हटलं असतं तर तिने हात सोडला असता.

"नाही," कौसल्या म्हणाली. "काहीच समजत नाही."

इंदुताईने नाक मुरडलं आणि करंगळी हातात घेतली.