आठ वाजायला बावीस मिनिटं

सीमेच्या फाटकाशी मी सात अडतीसला पोचले. रस्ता मोकळा मिळाला, गाडीनं कुरकूर केली नाही, आणि सव्वाआठचा अंदाज चुकला. सूर्योदयापासून आठपर्यंत माझं मौन असतं. एकोणीस वर्षांत ते एकदाही मोडलेलं नाही. दाढ काढायची होती त्या दिवशीही डॉक्टरांना बोटानंच दाखवली, ही डावीकडची.

फाटकावरची पाटी वाचली. लहान गाड्या आठपर्यंत, त्यानंतर अकरापर्यंत फक्त मालट्रक. पलीकडे दोन तासांवर तळं. काठावर तंबू ठोकायच्या जागा थोड्याच, आणि जो आधी येईल त्याच्या. त्या पाण्यालगतच्या जागेसाठी तर मी चारला उठले होते.

रांगेत बसल्या बसल्या वहीच्या पानावर लिहिलं: तळ्यावर, तीन रात्री, एकटी. आठपर्यंत मौन आहे, राग नसावा.

खिडकीतल्या अधिकाऱ्यानं ते दोनदा वाचलं. "तोंडात काही लपवलंय का?"

मी आ करून दाखवला.

शेजारची त्याची सहकारी म्हणाली, "अहो, सोन्याचा दातसुद्धा नाही."

"एकट्या बाईला आम्ही तोंडी विचारतो. स्वतःच्या मर्जीनं निघालात ना? नुसतं 'हो' म्हणा, शिक्का मारतो."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. देव काही हजेरीपट घेऊन बसलेला नाही, हे मलाही कळतं. पण व्रत मी धरलेलं. त्यातून सूट देणारा हा कोण?

मी हात जोडले, पासपोर्ट उचलला आणि गाडी कडेला घेतली. आठला आडवी दांडी खाली आली.

घडीची खुर्ची उघडून बसते न बसते तोच धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, कुठवर?"

"फाटकावर, भावोजी. अकराला सोडतील." झालं ते सांगितलं.

"एका 'हो'नं काय आभाळ कोसळणार होतं?"

"आभाळ नसतं कोसळलं. पण उद्या तुम्हीच म्हणाला असता, वहिनींचं मौन सोयीचं."

ते हसले. "मग फिरा मागे. दादाही तेच म्हणतोय."

"तुमच्या दादांना सांगा, जेवण फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या. मी पुढे जातेय."

रांगेतल्या एका ट्रकवाल्यानं खाली वाकून विचारलं, "ताई, तंबू इथंच ठोकणार का?"

"जागा बरी आहे," मी म्हटलं, "पण पाणी नाही."

अकराला खिडकीत तोच अधिकारी. "आता बोला."

"हो. माझ्याच मर्जीनं. कुणी पाठवलं नाही. उलट घरातले सगळे अडवत होते."

त्यानं शिक्का मारला. "तिथं बोलणार कुणाशी?"

"बघू," मी म्हटलं.

तळ्यावर पोचले तोवर काठ भरला होता. रखवालदारानं चढावर बोट दाखवलं. "ती एक उरलीय. वारा फार. दोर धरायला बरोबर कोण आहे?"

"दगड आहेत ना?"

"दगड भरपूर."

चांगले जड दगड निवडून वर न्यायला पाऊण तास गेला. तंबू उभा राहिला, जरासा डावीकडे झुकलेला. मी दोर पुन्हा एकदा ओढून पाहिले, घट्ट होते. मग कॅन घेतला आणि पाणी भरायला उतरले.