मंगळवारचा राहिलेला प्रश्न

विभागप्रमुखांनी कागद तिच्यासमोर सरकवला आणि चष्म्याची काडी एका ओळीवर टेकवली. तक्रार निनावी होती. प्राध्यापकांनी राजकारणावर काय बोलावं हे सरकारने ठरवणं योग्य आहे का, असं मंगळवारी वर्गात कुणीतरी विचारलं. त्यावर मॅडम चाळीस सेकंद गप्प राहिल्या आणि मग पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. सेकंद मोजणाऱ्याने काम चोख केलं होतं.

तिने सांगून पाहिलं, की वर्गात राजकीय मत द्यायचं नाही हा सरकारचा नवा नियमच आहे, म्हणून तर ती मूग गिळून उभी राहिली.

"वर्गाने त्या गप्प राहण्याचा अर्थ काढला," ते म्हणाले.

याच सरांनी तिला शिकवलं होतं. तेव्हा ती चटकन 'हो' म्हणाली की याच खोलीत ते तिची टिंगल करत. आता आठ वर्षं हंगामी म्हणून काढल्यावर ती कायम व्हायची होती, घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं, आणि शिफारसपत्रावर सही सरांचीच लागणार होती.

"मग मी काय म्हणायला हवं होतं, सर?"

"योग्य आहे, म्हणायचं."

"पण तेही मतच झालं ना?"

"तेवढं चालतं."

हे ते अगदी मायेने म्हणाले, आणि तिला त्या मायेचीच जास्त भीती वाटली. आजच्या तासाला तेवढं उरकून घे, मग हा कागद माझ्यापाशीच राहील, असंही त्यांनी सांगितलं.

वर्गात गेल्यावर तिने कोरा फळा उगाच पुसला.

"मंगळवारी एक प्रश्न राहिला होता. नियम योग्य आहे."

दोन वर्षं तिने या पोरांना 'का?' विचारायला शिकवलं होतं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला तर सगळे वकीलबाईच म्हणत. हजेरीवरूनसुद्धा ती हुज्जत घाली. मॅडम आशेने तिच्याकडे पाहू लागल्या. एकदा तरी विचार, पोरी.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या, पेनं चालू लागली. मग वकीलबाईने हात वर केला. मॅडमना केवढा धीर आला.

"मॅडम, हे परीक्षेला येईल का?"

"येईल," त्या म्हणाल्या.

वकीलबाईने वहीतल्या त्या ओळीखाली पट्टीने रेघ मारली.