बाहेरून आलेलं

थोरलीने धाकट्या भावाचं मनगट धरून त्याला वॉर्डातल्या बेसिनपाशी नेलं आणि स्वतःच नळ सोडला.

"कोपरापर्यंत धू. नखांतलं ग्रीस निघेस्तोवर."

"गॅरेजातून आंघोळ करून आलोय, ताई."

"दिसतंय."

तो मुकाट हात चोळत राहिला. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सतरा दिवस झाले होते. पाचव्या दिवशी जखम चिघळली, तेव्हापासून ताप हटला नव्हता. थोरली दिवसभर तिथेच असे. उठता-बसता हात धुवायची, मग त्यांना भरवायची, पट्टी सरकली तर सारखी करायची. वॉर्डातल्या आयासुद्धा तिला वचकून असत.

दुसऱ्या दिवशी जखमेचा रिपोर्ट आला. चौदा अँटिबायोटिकं लावून पाहिली होती; जंतू एकालाही दाद देत नव्हता. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "घरच्यांना भेटून जायला सांगा."

लॅबवाल्याने येऊन खाटांचे, दारांच्या कड्यांचे, नळांचे नमुने नेले. तीन दिवसांनी मुख्य सिस्टरने थोरलीला बाजूला घेतलं.

"तोच जंतू बेसिनच्या सांडपाण्याच्या पाइपात सापडला. पाणी सोडलं की शिंतोडे हातांवर उडतात, तिथून जखमेत. तुम्हाला तरी कसं कळणार?"

थोरलीने हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

चार वाजता धाकटा आला. ती वॉर्डाच्या दाराबाहेरच उभी होती.

"कळलं का, कशामुळे झालं ते?"

तिने हातातला टॉवेल खांद्यावर टाकला.

"ऑपरेशननंतर पहिल्यांदा आलो ना, तेव्हा हात धुतले नव्हते. तसंच बाबांना उचलून बसवलं." त्याचा आवाज खाली गेला. "माझ्यामुळे झालं का, ताई?"

थोरली त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली.

"बाहेरून आलेलं आहे म्हणतात."

तो दारापासून मागे सरकला. "मग मी आत नको यायला."

"नकोच."

ती आत गेली. खाटेचं डोकं दाराकडे होतं. दाराच्या काचेपलीकडे उभा असलेला धाकटा वडिलांना दिसत नव्हता. त्यांनी डोळे उघडले.

"तो आला का गं?"

"नाही," तिने चादर त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली. "कामात असेल."