सुभद्रेचा डावा पाय

माझी बायको मालन गेली त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा आमची सुभद्रा बाळंतपणाला देवासला आली. घरात बाईमाणूस नाही, म्हणून शेजारच्या सगुणामावशी मदतीला आल्या. मोहल्ल्यातल्या सगळ्या बाळंतिणी त्यांच्याच हातच्या. सव्वा महिना खाटेवरून उतरायचं नाही, हा त्यांचा कायदा.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सुभद्रा म्हणाली, "बाबा, डावा पाय जड झालाय." पोटरी सुजून तकतकीत झाली होती, हाताला गरम लागत होती. उजवा पाय जसाच्या तसा.

मावशी तेलाची वाटी घेऊन बसल्या. "वारं धरलंय. चोळलं की उतरेल."

"मावशी, हात लावू नका."

"का रे भिया भगवंता? तू किती बाळंतपणं केलीस?"

मालन टायफॉइडनं महिनाभर पडून होती. तिचाही एकच पाय असा सुजला. मावशींनी तो मायेनं चोळला. दुसऱ्या सकाळी मालन उठून बसली, तिला दम लागला आणि ती गेली. डॉक्टरांनी मला मागाहून समजावलं, की पायाच्या आतल्या शिरेत रक्त गोठतं आणि ती गाठ सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते. मावशींना मी हे सांगितलं नव्हतं.

"पाळण्यात पोरगी रडतेय, आधी तिला चोळा," म्हणालो. सुभद्रेच्या पायाखाली उशी सारली, हळूच बजावलं, "कुणाला चोळू देऊ नकोस," आणि डॉक्टरांकडे धावलो.

त्यांनी घरी येऊन फीत लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. रक्त गोठू नये म्हणून इंदूरहून इंजेक्शनं मागवली. "चोळलं नाहीत हे बरं केलंत. जिवावर बेतलं असतं. सूज उतरली की पट्टी बांधून चालवा, सव्वा महिना पडून ठेवू नका."

मावशी दारातच उभ्या राहून ऐकत होत्या.

सूज उतरली. सुभद्रा पट्टी बांधून अंगणात चालायला लागली, तरी मावशी कुरकुरल्या नाहीत. ओट्यावर बसून म्हणाल्या, "भगवंता, मालनचा पाय असाच होता ना रे?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "मावशी, त्या दुखण्यात तिला तुमच्या हातानंच तेवढी झोप लागायची."

ते खरंच होतं.

आत नात रडायला लागली, तरी मावशी उठल्या नाहीत. मग मीच तिला पाळण्यातून उचलून आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. तेलाची वाटीही शेजारी ठेवली.